कागदाचं मलीले

आमच्या गल्लीतल्या उस्ता कुद्रतना दोन गोष्टींचा गर्व होता, हातांचा आणि जिभेचा. हात म्हातारपणाने गेले. जीभ कशी गेली ते सांगते.

झंजानच्या बाजारात चांदीच्या तारेचं काम करणारे, म्हणजे मलीलेवाले, पूर्वी एका ओळीत बसायचे. केसासारखी बारीक तार पिळायची, चपटी करायची, तिच्या गुंडाळ्या करून चौकटीत भरायच्या, वर टाकणखार टाकायचा आणि फुंकणीने ज्योत फिरवून सगळं एका दमात जोडायचं. फुंकर जरा जास्त झाली की कित्येक दिवसांचं काम वितळून गोळा. उस्ता कुद्रतची फुंकर कधी जास्त झाली नाही. त्यांनी केलेली साखरदाणी माझ्या सासूच्या कपाटात आहे. तिच्यात साखर घालायची छाती आमच्या घरात अजून कुणाची झालेली नाही.

मर्जान आमच्याच गल्लीत खालच्या टोकाला राहते. लग्न केलं नाही. आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे बाहेरची नोकरी जमेना. एकदा तेहरानला मावशीकडे गेली ती कागदाचं काम शिकून आली. रंगीत कागदाच्या अरुंद पट्ट्या, टोकाला खाच असलेली सुई, चिमटा आणि डिंक एवढंच तिचं भांडवल. पट्टी खाचेत अडकवून गुंडाळायची, जराशी सैल सोडायची, मग बोटांच्या चिमटीत दाबून तिचा थेंब करायचा, डोळा करायचा, पान करायचं. थेंबांची फुलं होतात, फुलांची कार्डं होतात. अक्षर काढायचं असेल तर पट्टी आडवी न चिकटवता काठावर उभी करायची आणि वळवत न्यायची. या कामाला आमच्याकडे सगळेच कागदी मलीले म्हणतात, कारण ते दिसतंच तसं. मर्जानने काही ते नाव शोधून काढलेलं नव्हतं. नवरोजच्या, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या आधी बाजारातल्या जुन्या सराईमध्ये बायकांच्या हातकामाची टेबलं लागली तेव्हा तिने ते दोन शब्द पुठ्ठ्यावर लिहून पुढे ठेवले. झालं, तेवढं पुरलं.

उस्ता चहाचा पेला हातात घेऊन तिथून चालले होते. पाटी वाचून थांबले.

"हे काय?"

"सलाम, उस्ता. कागदी मलीले."

"अगं मुली, कागदाची पुडी असते. मलीले चांदीचं असतं."

दोघंचौघं हसले. उस्तांना तेवढं पुरायचं. त्यांनी टेबलावरचं एक कार्ड उचललं. पांढऱ्या नर्गिसच्या फुलांचं होतं, आईच्या उशाशी बसून बसून केलेलं. "चांदी चहात बुडाली तर काय होतं? काढली, पुसली, तशीच. आता तुझ्या मलीलेचं बघू." आणि त्यांनी ते कार्ड सरळ पेल्यात बुडवलं.

सगळी सराई खदाखदा हसली. मी समोरच्याच चपलांच्या दुकानाशी उभी होते. मी हसले नाही, पण त्यात माझा काही मोठेपणा नव्हता, माझी दाढ ठणकत होती. मर्जान कानापर्यंत लाल झाली. म्हणाली एवढंच, "उस्ता, तुमचा चहा खराब झाला. दुसरा मागवते." आणि खरंच चहावाल्याला हाक मारून तिने दुसरा पेला आणवला. भिजलेलं कार्ड रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलं. उस्तांनी तो दुसरा चहा तिच्यासमोर उभं राहून, सगळ्यांदेखत, साखरेचा खडा दाताखाली धरून चवीने प्यायला. पुढे बरेच दिवस हा किस्सा ते स्वतःच सांगायचे. प्रत्येक वेळी त्यातलं कार्ड थोडं मोठं व्हायचं आणि मर्जान थोडी लहान.

मग काही वर्षांनी हात कापायला लागले. आधी डावा, मग ज्याच्यावर सगळं घर उभं होतं तो उजवा. एक कर्णफूल वितळलं, मग एक तबकडी वितळली. दुकानाला कुलूप लावताना उस्ता म्हणाले, "हल्ली चांदीच भेसळीची येते." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरं काय करणार?

त्यांची बायको तावूस खानुम म्हणजे दणकट बाई, पोटात एक ओठात एक असलं काही नाही. ती माझ्याकडे येऊन बसायची. "महताब, हा माणूस जन्मभर दुकानात होता म्हणून आमचा संसार झाला. आता दिवसभर बुखारीच्या उबेला पाठ लावून बसतो आणि माझ्या पुलावात मीठ किती ते मला सांगतो. मी तरी कुठे जाऊ?"

एक दिवस ती बाजार करून घरी आली तर उस्ता वर्तमानपत्राची कड फाडून काडेपेटीच्या काडीवर गुंडाळत बसलेले. तिला पाहताच त्यांनी ती गुंडाळी बुखारीत टाकली आणि म्हणाले, "थंडी फार आहे." पुढच्या आठवड्यात तावूस खानुम मर्जानने आम्हा बायकांसाठी सुरू केलेल्या कागदकामाच्या वर्गात येऊन बसली.

वर्ग मर्जानच्या पुढच्या खोलीत भरतो. आतल्या खोलीत पडद्यामागे तिची आई असायची, मधूनच पाणी मागायची, नाहीतर आम्ही जास्त हसलो की "काय झालं, मला पण सांगा" म्हणायची. तावूस खानुमच्या हाताला ते काम म्हणजे शिक्षा. तिने केलेली गुंडाळी बघून मेलेली गोगलगाय आठवायची. डिंक पट्टीपेक्षा चष्म्याला जास्त. पण दुसऱ्या खेपेला तिने घरून करून आणलेलं काम टेबलावर ठेवलं आणि आम्ही सगळ्या वाकून बघायला लागलो. एकेक थेंब साच्यातून काढल्यासारखा, आतले वेढे सारख्या अंतरावर.

"तावूस खानुम, हे घरी केलंत?" मी विचारलं.

"मग काय शेजारी जाऊन केलं?"

"इथे तर तुमची एक गुंडाळी टिकत नाही."

"इथे तुम्ही डोळे फाडून बघता. मला लाज वाटते."

लाजेचं आणि तावूस खानुमचं कधीच जमलेलं नाही, त्यामुळे आम्हाला काय ते कळलं. मर्जानलाही कळलं. त्या दिवसापासून ती शिकवताना प्रत्येक गोष्ट हळू, दोनदा, समोर नसलेल्या माणसाला सांगावी तशी सांगायला लागली. "पट्टी ओढू नका, नुसती धरा. हात हलत असेल तर मनगट टेबलाच्या काठावर टेकवा. नीट लक्षात ठेवा हं, तावूस खानुम." तावूस खानुमचा हात दगडासारखा स्थिर होता. ती मुकाट्याने "हो हो" म्हणायची आणि ओठ हलवत पाठ करायची.

वर्गाच्या भिंतीवर, खिडकीच्या वर, चौकटीत एक फूल आहे. नर्गिसचंच, पण त्याचा कागद डाळिंबाच्या वाळक्या सालीच्या रंगाचा, कुठे गडद, कुठे फिका. आम्हा सगळ्यांना तो रंग हवा असायचा. मर्जान म्हणायची, "तो कागद बाजारात मिळत नाही." तावूस खानुमने त्याचा फोनवर फोटो काढला आणि घरी नेऊन दाखवला. उस्तांनी तो मोठा करून करून पाहिला. मग म्हणाले, "ज्याने केलंय त्याला तारेची जाण आहे. पाकळी आतून भरत आणलीय. फक्त असला मळका कागद का घेतला कोण जाणे." सगळा हिवाळा ते त्या एका फुलाची नक्कल करत बसले. पाकळी बिघडायची, उलगडायची, पुन्हा गुंडाळायची.

"चांदीत हात हलला की संपलं," एकदा ते बायकोला म्हणाले. "हे काम माणसाला माफ करतं, तावूस." मग आणखी एक पट्टी उलगडली आणि म्हणाले, "त्या पोरीने मात्र मला माफ केलेलं नसेल."

"मग जाऊन मागा की माफी. चार दारं सोडून राहते."

"कुठल्या तोंडाने? सगळ्या बाजारासमोर बोललो आणि माफी काय कोपऱ्यात कुजबुजून मागू?"

तावूस खानुमने हे मला सांगितलं तेव्हा मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली. कारण एक गोष्ट आम्ही सगळ्या बघत होतो. उस्ता पाव आणायला जाताना मर्जानच्या दारावरून जात नसत. बर्फ पडलेलं असो, निसरडं असो, मशिदीला वळसा घालून जायचे. दोनदा घसरून पडले. एकदा मर्जाननेच त्यांना लांबून पाहिलं आणि ती पटकन आत गेली, म्हणजे त्यांना सरळ वाटेने जाता यावं. तरी ते वळसा घालूनच गेले.

त्याच हिवाळ्यात मर्जानची आई गेली. मशिदीत फातिहाच्या प्रार्थनेला सगळी गल्ली होती. उस्ता आले, बूट काढायच्या जागेपर्यंत आले, एक बूट काढला, पुन्हा घातला आणि परत गेले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मेलेल्या माणसाच्या फातिहाला तोंड न दाखवणं म्हणजे आमच्याकडे फार झालं. लोकांनी नावं ठेवली. उस्तांच्या घरात त्यानंतर दोन दिवस कुणी जेवलं नाही म्हणे.

पण नवरोज काही टाळता येत नाही. घरात मृत्यू झाल्यावरचा पहिला नवरोज, त्याला आम्ही काळी ईद म्हणतो. त्या दिवशी सगळी गल्ली आधी त्या घरी जाते, मगच दुसरीकडे. मुबारक म्हणायचं नाही, मिठाई न्यायची नाही. चहा आणि खजूर तेवढा. आणि गल्लीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या घराने रंगीत ओढणी नेऊन त्या घरच्यांचे काळे कपडे उतरवायला सांगायचं. त्याशिवाय काळं उतरत नाही. वडीलधारं घर म्हणजे उस्ता कुद्रतचं. ते गेले नसते तर मर्जान वर्षभर काळ्यातच राहिली असती.

ते आले. दाढी केलेली, कोट घातलेला, चेहरा चुन्यासारखा पांढरा. खोली माणसांनी भरलेली. वर्गातल्या आम्ही सगळ्या, शिवाय बाजारातले चारपाच जण, त्या दिवशी सराईमध्ये हसलेले. तावूस खानुमने पिस्त्याच्या रंगाची ओढणी मर्जानच्या खांद्यावर घातली आणि म्हणाली, "पुरे आता, पोरी. आई बघतेय." मर्जान रडली, आम्ही रडलो. मी चहा फिरवला.

मग उस्तांनी कोटाच्या आतून एक कार्ड काढलं आणि मर्जानच्या हातात दिलं. पांढरी नर्गिसची फुलं, भिंतीवरच्या फुलासारखीच, आणि खाली काठावर उभ्या केलेल्या पट्ट्यांनी लिहिलेला एक शब्द: आना. आमच्या बोलीत आई. मर्जानने बोट लावायला नेलं आणि तसंच हवेत ठेवलं. एवढं सुंदर काम त्या खोलीत कुणी केलेलं नव्हतं.

"हे मी केलंय," उस्ता मोठ्याने म्हणाले. "तावूसने नाही. तिला गुंडाळी येत नाही."

"बरं झालं सांगितलंत," तावूस खानुम म्हणाली, "कुणाला म्हणून माहीत नव्हतं." काळी ईद होती म्हणून आम्ही ओठ चावले.

उस्तांना ते ऐकूच गेलं नाही. त्यांनी आपला चहाचा भरलेला पेला उचलून मर्जानच्या पुढ्यात ठेवला. "खानुम, बुडवा."

"हे काय, उस्ता? नको."

"मी सगळ्यांदेखत बुडवलं होतं. तुम्ही सगळ्यांदेखत बुडवा. तेव्हा हसले होते ते आज इथे बसलेत."

"नको, उस्ता. खरंच नको."

आता आमच्यात पहिलं नको हे कधीच नको नसतं. दुसरंही बहुतेक नसतं. ताटात खजूर वाढणारा दोनदा नको ऐकून घेतो आणि तिसऱ्यांदा वाढतो, आणि घेणारा तेव्हाच घेतो. याला आम्ही तारोफ म्हणतो. यावर आमचं सगळं येणंजाणं चालतं, आणि तिसऱ्यांदा आग्रह न करणाऱ्याला आम्ही कंजूष म्हणतो. उस्तांना वाटलं, मर्जान भिडेने नको म्हणतेय. मनातून हवंय, पण म्हाताऱ्या माणसाचा अपमान कसा करायचा म्हणून थांबलीय. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलंच नाही. तिच्या हातातलं कार्ड घेतलं आणि स्वतःच पेल्याकडे नेलं.

"आगा!" तावूस खानुम नवऱ्यावर ओरडली. "त्यावर आना लिहिलंय!"

उस्ता दचकले. थांबायला गेले असतील, पण हात तो, कुणाचं ऐकत नव्हता. पेल्याला धक्का लागला आणि गरम चहा सगळ्या कार्डावर पसरला. फुलांवर, अक्षरांवर. काठावर उभ्या असलेल्या पट्ट्या हळूहळू कलंडल्या.

सबंध हिवाळा त्या माणसाने बसून स्वतःची शिक्षा ठरवली होती. कुठे बसायचं, काय बोलायचं, कोण बघत असेल, सगळं ठरलेलं. त्या सगळ्यात मर्जानची आई कुठेच नव्हती. शब्द तिच्यासाठी लिहिला खरा, पण बुडवायच्या वेळी तो कुणाचा होता हे ते विसरले. मला इतकी शरम वाटली की मी खाली बघितलं. माझा काही संबंध नसताना.

"मला वाटलं, तुम्ही तारोफ करताय," उस्ता म्हणाले. आवाज ऐकूच येईना.

"नाही, उस्ता," मर्जान म्हणाली. "मला ते हवं होतं."

रागावून म्हणाली असती तर परवडलं असतं. ती उठली, चिमटा आणला, सुटलेल्या पट्ट्या एकेक करून उचलल्या आणि बुखारीजवळ फडक्यावर पसरत गेली. उस्ता मदतीला वाकले आणि मग हात मागे घेतला. आपल्या हातांची त्यांना भीती वाटली असावी.

"वाळतील," मर्जान पट्ट्यांकडेच बघत म्हणाली. "ते नाही का वाळलं?"

ती मान वर करून खिडकीवरच्या चौकटीकडे बघत होती. आम्हाला कुणालाच काही कळलं नाही. आधी कळलं उस्तांना. त्या फुलाचा वेढा न् वेढा त्यांना पाठ होता.

"तेच?"

"तेच. घरी नेऊन पट्ट्या सोडवल्या, वाळवल्या, पुन्हा गुंडाळल्या. चहाचा रंग काही गेला नाही, तेवढंच."

उस्ता खाली बसले. टोपी काढली आणि तोंडावर धरली. बाजारातला एक जण उठून बाहेर गेला. त्याला हसल्याची आठवण झाली असणार. तावूस खानुम नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मर्जानने ओला टेबलक्लॉथ घडी घालून बाजूला ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "महताब, उस्तांचा चहा सांडला. दुसरा आण."

मी आणला. तिने तसं मुद्दाम म्हटलं नव्हतं, मी शपथेवर सांगते. पाहुण्याचा चहा सांडला तर दुसरा आणतातच. पण उस्तांनी टोपीवरून त्या पेल्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. सराईमधला तो दुसरा पेला त्यांनी चवीने प्यायला होता. हा त्यांच्यासमोर निवत राहिला.

नवरोज संपल्यावर वर्ग सुरू झाला तेव्हा दाराशी बायकांच्या चपलांमध्ये एक जुना पुरुषी बूटजोड होता. तावूस खानुम काही पुन्हा आली नाही. "सुटले बाई," म्हणाली आणि चष्मा गरम पाण्याने धुऊन घेतला. उस्ता आणि मर्जान दोघांनी मिळून त्या पट्ट्या पुन्हा गुंडाळल्या. फुलं तिने केली. आना हा शब्द मात्र तिने त्यांच्याकडूनच करून घेतला, मनगट टेबलाच्या काठावर टेकवून. आता खिडकीवर दोन चौकटी आहेत, दोन्ही डाळिंबाच्या वाळक्या सालीच्या रंगाच्या. नवीन आलेल्या मुली विचारतात, हा कागद कुठे मिळतो. उस्ता तेव्हा मान खाली घालून पट्टी गुंडाळत राहतात. ते त्या भिंतीकडे पाठ करूनच बसतात.

मधल्या वेळेत मर्जान सगळ्यांना चहा देते. उस्तांपुढेही पेला ठेवते आणि विचारते, "चहा, उस्ता?"

"नको, खानुम," ते म्हणतात.

ती दुसऱ्यांदा विचारत नाही, तिसऱ्यांदा तर नाहीच. पेला उचलते आणि पुढे जाते.